चौथा भोपळा

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लिल्या ब्योर्नसनने एका अनोळखी माणसाला हाताचे मधले बोट दाखवले, आणि त्यानंतर बरोबर वीस मिनिटांनी त्याच माणसाने तिच्यासाठी बसचे दार उघडले.

यात तिची बाजू अशी होती. ती टोरांटोत वाढलेली. इतिहासाची पदवी घेऊन सास्कॅचेवानच्या या माळावर ती चारच दिवसांपूर्वी आली होती, दर शनिवारी जुन्या गावांची सहल घडवायच्या उन्हाळी नोकरीवर. त्या सकाळी खडीच्या रस्त्यावरून ती आपली छोटी गाडी जीव मुठीत धरून चालवत होती. दोन्ही बाजूंना आभाळाला टेकेपर्यंत कोवळा गहू, मध्ये एकही वळण नाही, आणि समोरून धुळीचा लोट उडवत येणारा एक निळा पिकअप. तो जवळ आला तेव्हा चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरची मूठ न सोडता एक बोट वर केले. धुळीत ते कोणते बोट होते ते दिसले नाही. टोरांटोच्या रस्त्यावर अनोळखी माणूस गाडीतून एकच बोट दाखवतो, तेव्हा ते कोणते हे निरखून पाहण्याची गरज पडत नाही. लिल्याने ठसक्यात उत्तर दिले, आणि ते नीट दिसावे म्हणून काचही खाली केली.

क्रास्नोपोलच्या सभागृहासमोर सहलीची माणसे जमली होती. नेहमीच्या चालकाचे कंबरेचे हाड मोडल्यामुळे शाळेची पिवळी बस मागवण्यात आली होती. बसचे दार फुसकन उघडले. आत, निळी टोपी डोक्यावर मागे सारून, तोच बसला होता.

“आपली ओळख झालीये,” तो म्हणाला.

“मला नाही वाटत.”

“मला वाटतं. मी तर्जनी दाखवली, तुम्ही मधलं. तेवढाच काय तो फरक.” त्याने हसू आवरले, पण ते डोळ्यांतून निसटलेच. “इथे समोरून कुणीही आलं की आम्ही एक बोट उचलतो. नमस्कार असतो तो. अख्खा हात उचलला तर गाडी चरात जाते.”

लिल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मला… खरंच माहीत नव्हतं. माफ करा. फार वाईट वाटलं असेल तुम्हाला.”

“छे! इतक्या जोरात उत्तर मला वर्षानुवर्षं कुणी दिलं नव्हतं. मी नेस्टर होलोटा. गहू पिकवतो, सोमवार ते शुक्रवार मुलं शाळेत नेतो आणि आजपासून तुमची ही मुलं.”

त्या मुलांचे सरासरी वय बहात्तर होते.

काहीतरी करून हे प्रकरण मिटवायला हवे, म्हणून लिल्याने पर्यटकांना विकायच्या वस्तूंच्या खोक्यात हात घातला आणि जे पहिले लागले ते त्याच्या हातावर ठेवले. जुन्या वाणाच्या बियाण्याचे कागदी पाकीट होते ते. कशाचे, हे तिने पाहिले नाही. त्यानेही विचारले नाही. पाकीट छातीच्या खिशात ठेवून त्याने खिशाची गुंडी लावली.

शाळेच्या बसला चालकाच्या डोक्यावर एक लांबरुंद आरसा असतो. मागच्या बाकावर कोण कुणाचे केस ओढते आहे, हे चालकाला दिसावे म्हणून. त्याच्या वरच्या पट्टीवर नियम रंगवलेले होते : उभे राहू नका. ओरडू नका. खिडकीतून हात बाहेर काढू नका. लिल्या तीनपैकी दोन नियम दर शनिवारी सहा तास मोडत असे. ती उभी राहून बोले, आणि बसच्या खडखडाटावर आवाज चढवून बोले.

“हे धान्याचं कोठार एकोणीसशे बारा साली बांधलं गेलं,” ती सांगत होती.

“तेरा,” आरशातून आवाज आला.

“दप्तरात बारा आहे, मिस्टर होलोटा.”

“दप्तरात बारा आणि छप्पर तेराला. मधलं वर्षभर गव्हात बदकं पोहत होती म्हणे.”

“याला पुरावा?”

“नाही. पण माझ्या ऑल्गा आत्याला विचारा. तिच्या सासऱ्यांनी त्यातलं एक बदक खाल्लं होतं.”

बस हसली. तिसऱ्या बाकावरच्या मिसेस पेनर सर्वांत मोठ्याने हसल्या. त्या निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षे वर्ग सांभाळलेला त्यांचा आवाज अजून शाबूत होता, आणि त्याचा उपयोगही होत असे, कारण शेजारी बसलेले त्यांचे भाऊ वॉल्टर यांना ऐकू येत नसे.

“काय म्हणाला तो?” वॉल्टर विचारीत.

“म्हणाला, पोरगी कागद वाचते, माणसांना विचारत नाही!” मिसेस पेनर शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताने सांगत. नेस्टर असे काही म्हणालेलाच नसे. पण तो ते खोडूनही काढत नसे.

जुलैच्या अखेरीस ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. कुणी ते ठरवले नाही. एकदा बसचे चाक चिखलात रुतले, आणि “ढकल, ढकल गं!” असे ओरडताना नेस्टरच्या तोंडून ते गेले, आणि “ढकलतेय ना! तू उतर की खाली!” असे म्हणताना तिच्या. मग घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून दोघे एकमेकांकडे पाहतच राहिली. खिडक्यांना मात्र तीस नाके चिकटलेली होती.

तो तिला ‘प्रोफेसरबाई’ म्हणे. ती त्याला ‘तोंडी परंपरा’ म्हणे. ती हसायला लागली की एक भुवई आधी वर जाते, हे त्याला आरशातून ठाऊक झाले होते. आणि तो लाजला की टोपी पुढे ओढतो, हे तिला. दुपारी फ्रेंच गावातल्या मठापाशी सगळे जेवत, तेव्हा तो कडेला बसून आपली अर्धी काकडी तिच्या डब्यात ठेवी. काही न बोलता, जणू ती त्याच्या डब्यात चुकून आली होती.

मग ऑगस्ट संपला. गहू सोन्यासारखा पिकला. या माळावर कापणीचे दिवस म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळते. कोरडा दिवस हाती लागला की लग्ने पुढे ढकलतात, दाढदुखी पुढे ढकलतात. पाद्री प्रवचन आटोपते घेतात आणि कुणी तक्रार करीत नाही. पहाटेपासून प्रत्येक शेतात हार्वेस्टर धडधडत असतो. अशा ओळीने तीन लखलखीत, कोरड्या, वाऱ्याच्या शनिवारी नेस्टर होलोटा आपला हार्वेस्टर शेताच्या मधोमध उभा करून, अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बस घेऊन आला.

पहिल्या शनिवारी गावाने एकमेकांकडे पाहिले. दुसऱ्या शनिवारी मान डोलावली. तिसऱ्या शनिवारी ऑल्गा आत्याने सभागृहाच्या स्वयंपाकघरात जाहीर केले, “झालं! पोरगं गेलं कामातून.” आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी कुणी न सांगता आपापले हार्वेस्टर नेस्टरच्या शेतात वळवले.

सगळ्या गावाला कळले ते लिल्याला कळले नाही. ती पुराव्याची माणूस. आणि हा पुरावा कोणत्याही दप्तरात नोंदलेला नव्हता.

म्हणून तिने सरळ विचारायचे ठरवले. ऋतूच्या शेवटच्या सहलीआधीच्या शनिवारी, माणसे उतरून गेल्यावर, ती रिकाम्या बसमध्ये उभी राहिली. तो बाकांखालचे कागद गोळा करीत होता.

“टोरांटोच्या संग्रहालयातून पत्र आलंय,” ती म्हणाली. “नोकरी. कायमची. चांगली आहे.”

तो वाकलेला तसाच थांबला. “अरे वा.”

“पुढच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. इथल्या जिल्हा संग्रहालयातही जागा आहे… लहान. पगारही लहान.” तिने पिशवीचा बंद उगाच बोटाला गुंडाळला. “इथे राहायला मला काही कारण असेल — म्हणजे कुणाला माहीत असेल — तर मला ते ऐकायचंय.”

होलोटा घराण्यातले पुरुष हवामानाबद्दल भरभरून बोलत. बाकी विषयांवर त्यांना आठवडाभराची मुदत लागे. नेस्टर सरळ झाला, टोपी पुढे ओढली, मागे केली, पुन्हा पुढे ओढली.

“शनिवारी सांगतो,” तो म्हणाला.

त्या शनिवारी सकाळी आभाळ खाली उतरलेले होते. भुरभुर पावसात बस उभी होती, दार उघडे. नेस्टर मागे टायरची हवा बघत होता. लिल्या पायरी चढून आत आली, आणि पहिल्या बाकावर, ती दिवसभरात ज्यावर फक्त आपली पिशवी ठेवीत असे त्या बाकावर, तिला एक भोपळा दिसला. गोल, तांबूस, बेतशीर. धुऊन पुसून लखलखीत केलेला. गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात तसल्या निळ्या दोरीने त्याला एक गाठ मारलेली होती. कष्टाने मारलेली, ओबडधोबड, फुलासारखी दिसावी अशी इच्छा असलेली गाठ.

लिल्या खाली बसली नाही, कारण बाकावर भोपळा होता.

गेले सोळा शनिवार ती पर्यटकांना याच भोपळ्याची गोष्ट सांगत आली होती. युक्रेनहून या माळावर आलेल्या माणसांची जुनी रीत. मागणी घालायला आलेल्या मुलाला नकार द्यायचा असेल तर तोंडाने बोलायचे नाही. निघताना त्याच्या हातात भोपळा ठेवायचा. आपल्याकडे नोकरीवरून काढताना नारळ देतात, तसा तिथे प्रेमातून काढताना भोपळा. आणि नेस्टर होलोटा त्याच माणसांचा पणतू. मागणी तिनेच घातली होती. सांगतो म्हणाला होता, सांगितले.

त्याने निदान दोरी तरी बांधायला नको होती, असे तिला वाटले.

“पाहिलास?” मागून त्याचा आवाज आला. त्यात एक उतावीळपणा होता, जो तिच्या कानांना क्रूर वाटला.

“पाहिला,” ती म्हणाली. “समजलं. आभारी आहे. इतकं स्वच्छ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.”

नेस्टरचा चेहरा उजळला, मग तिचा आवाज ऐकून गोंधळला. पण तोवर मिसेस पेनर पायऱ्या चढत होत्या, त्यांच्यामागे वॉल्टर, आणि त्यांच्यामागे अठ्ठावीस छत्र्या.

पहिल्या मुक्कामाला लिल्याने मोबाईल काढून टोरांटोला दोन ओळी लिहिल्या : आपली नोकरी मी आनंदाने स्वीकारते. ‘आनंदाने’ हा शब्द तिने दोनदा पुसून तिसऱ्यांदा लिहिला. पाठवायचे बटण दाबले. पण माळावरच्या या भागात रेंज कुठली! ‘पाठवत आहे’ असे लिहून ते छोटे चक्र फिरत राहिले.

“मी टोरांटोला होकार लिहिलाय,” बस निघताना ती आरशाकडे न बघता म्हणाली. “डोंगरावर गेलो की जाईल.”

डोंगर म्हणजे क्रास्नोपोलच्या चर्चची टेकडी. उंची वीस-पंचवीस फूट असेल. दुसरीकडे लोकांनी तिला गतिरोधक समजून पार केले असते. पण चहूकडे ताटासारख्या सपाट मुलखात तिचा मान मोठा होता, आणि पंचक्रोशीत मोबाईलला रेंज फक्त तिथेच मिळे. सहलीचा शेवटचा मुक्काम तो.

आरशात नेस्टरचे डोळे स्थिर झाले. “होकार,” तो म्हणाला. “टोरांटोला.”

“हो. तुला आनंद होईल असं वाटलं.”

त्याने गिअर इतका जोरात टाकला की वॉल्टर यांची कवळी पुढच्या बाकावर पडता पडता राहिली.

“काय झालं?” वॉल्टर यांनी विचारले.

“बिनसलंय!” मिसेस पेनर यांनी बसला कळवले. “मधे भोपळा आहे!”

पुढचा मुक्काम जुने होलोटा घर. एरवी तिथे नेस्टर कधी आत येत नसे. मातीने लिंपलेले, गवताच्या छपराचे ते दोन खोल्यांचे घर त्याच्या पणजोबांनी बांधलेले. “माझंच घर मी तिकीट काढून काय बघू?” असे म्हणून तो बाहेर, सावलीत, गावातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारीत बसे. आज बाहेर पाऊस होता. तो दारातच उभा राहिला, टोपीतून पाणी निथळत. आत चुलीपाशी ऑल्गा आत्या बटाटा भरून पिरोही, म्हणजे उकडायच्या करंज्या, दुमडत होती. पर्यटक भिंतीला पाठ लावून उभे होते. लिल्याने भराभर चूल दाखवली, पाळणा दाखवला, पाहुण्यांचा भरतकाम केलेला टॉवेल दाखवला, आणि “चला,” म्हणाली.

“चला काय?” मिसेस पेनर हलल्या नाहीत. “भोपळ्याची गोष्ट राहिली.”

“आज उशीर होतोय.”

“मी या उन्हाळ्यात चौथ्यांदा आलेय पोरी. दोनदा इथल्या अ‍ॅपल पायसाठी, दोनदा त्या गोष्टीसाठी. सांग.”

तेव्हा लिल्याने ती सांगितली. मोजक्या शब्दांत, दाराकडे न पाहता. “या घराचा मालक दनिलो होलोटा. त्याने लग्नासाठी चार घरी मागणी घातली. तेव्हाची रीत अशी, की मुलीला मुलगा नको असेल तर… कुणी त्याला नाही म्हणत नसे. निघताना त्याच्या हातात भोपळा ठेवत. मग त्याने तो उराशी धरून अख्ख्या गावातून घरी चालत जायचं. कुणी काही विचारायचं नाही, कारण विचारायला काही उरायचंच नाही. दनिलोला पहिल्या तिन्ही घरांतून भोपळा मिळाला. चौथ्या घरी त्या वर्षी भोपळे गारठ्याने मेले होते. तिथे होकार मिळाला.”

नेहमी इथे हशा पिकत असे. आज फक्त वॉल्टर हसले, तेही दुसऱ्याच कशाला तरी.

“काय?” दारातून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. नेस्टर पांढराफटक पडला होता.

“भोपळा म्हणजे… नकार?”

“अर्थात,” लिल्या म्हणाली. “तुला नव्याने सांगायला नको.”

“मला कुणी जुन्यानेही सांगितलेलं नाही!” त्याचा आवाज फाटला. “आमच्या घरी सांगतात, पणजोबांना शेतीची फार आवड. इथे आले तेच तीन भोपळे घेऊन आले!”

चुलीवर पिरोहीचे पाणी रटरटत होते. मग ऑल्गा आत्याच्या हातातली पिरोही गळून पिठात पडली.

“नेस्टर,” ती म्हणाली, “सकाळी ओसरीत बसून तू जो भोपळा पुसत होतास… तो कुणाला दिलास?”

त्याने टोपी पुढे ओढली. तीस माणसांनी त्याच्याऐवजी लिल्याकडे बोट दाखवले.

आत्या पोट धरून हसायला लागली. पिठाच्या हातांनी डोळे पुसत, पुन्हा हसत. “अगं आई गं! या मुलखात पहिल्यांदा कुणी हो म्हणायला भोपळा दिला!”

“तू मला सांगायचंस ना आत्या!”

“कधी सांगायचं? तू कधी कुणाला मागणी घातलीस? मला वाटलं, पम्पकिन पाय करायला पुसतोयस!”

लिल्याला हातातला भरतकामाचा टॉवेल एकदम फार जड वाटला. छातीत काहीतरी सुटले होते, पण तिचा त्यावर अजून विश्वास नव्हता. “नकार नव्हता?” तिने हळूच विचारले. “मग… काय होतं ते?”

त्याने तोंड उघडले. भिंतीला लागून उभी असलेली तीस माणसे पुढे झुकली. त्याने तोंड मिटले.

“मी… बस काढतो,” तो म्हणाला आणि पावसात पळाला.

“काय म्हणाला?” वॉल्टर.

“होलोटा आहे तो!” मिसेस पेनर कडाडल्या. “अजून आठवडा लागेल!”

बस डोंगराकडे निघाली. वायपर काचेवर कुरकुरत होते. लिल्या उभीच होती, एक हात भोपळ्यावर, दुसऱ्या हातात मोबाईल. चक्र फिरत होते : पाठवत आहे. ते पत्र थांबवायला एक बटण पुरेसे होते. तिने ते दाबले नाही. चार महिने तिने कागदांवरून अर्थ लावले होते, बोटांवरून, भोपळ्यांवरून. आणि दर वेळी चुकली होती. आता तिला एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते. ऐकायला मिळाले नाही, तर टोरांटो.

पावसातून चर्चचा हिरवा घुमट दिसू लागला. रस्ता किंचित चढला, इतका किंचित, की तो चढ फक्त बसच्या इंजिनला आणि लिल्याला कळला.

ब्रेक लागला. बस रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“बंद पडली?” वॉल्टर यांनी विचारले.

“बस नाही,” नेस्टर म्हणाला. “मी पडलो होतो.” त्याने इंजिन बंद केले. आता फक्त टपावरचा पाऊस. आरशात बघून बोलणे सोपे गेले असते. तसे त्याने दोन क्षण पाहिलेही. मग तो आसनावरून उठला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

“जूनमध्ये तू मला एक पाकीट दिलंस,” तो म्हणाला. “बोटाबद्दल.”

“ते… कसलं बी होतं त्यात?”

“मलाही माहीत नव्हतं. गोठ्यामागे लावलं. तीन वेल आले. जुलैच्या गारपिटीत दोन गेले. तिसऱ्यावर मी रोज रात्री माझा पावसाळी कोट पांघरायचो. गाव म्हणायचं, नेस्टर भोपळ्याला झोपवून येतो. त्याला हे एकच फळ धरलं.” तो थांबला. टोपीकडे हात गेला. पण टोपी पुढे न ओढता त्याने ती काढून हातात घेतली. “मला बोलता येत नाही लिल्या. मला वाटलं, तू दिलेलं मी जपलं, वाढवलं, हे तुला दिसेल. शब्दांपेक्षा ते बरं, असं वाटलं. मला काय ठाऊक, आमच्याच माणसांनी त्याचा असा विचका करून ठेवलाय!”

मागून कुणीतरी नाक शिंकरले.

“दिसलं,” लिल्या म्हणाली. तिची एक भुवई वर गेली होती. “पण मला ऐकायचंय. पुरावा म्हणून.”

“राहा,” नेस्टर म्हणाला.

“एवढंच?”

“राहा इथे. आज जेवायला राहा. मग हिवाळ्यात राहा. हिवाळा वाईट असतो इथला, खोटं नाही सांगत, नाकातले केस गोठतात. वसंतात चिखल असतो. पण राहा.” आता एकदा धान्याचे पोते फाटले होते, ते थांबेना. “दर शनिवारी तू चुकीचं साल सांग, मी बरोबर सांगीन. मग शंभर वर्षांनी कुणीतरी बस घेऊन आपलं घर दाखवायला येईल, आणि सांगेल, इथे राहणाऱ्या माणसाने बायकोला मागणी घालताना —”

“मागणी मी घातली होती,” लिल्या म्हणाली.

“दप्तरात तसं लिही. माझी तक्रार नाही.”

तिने बटण दाबले. चक्र थांबले, पत्र पुसले गेले. मग ती पुढे झाली. नेस्टरच्या ओल्या सदऱ्याला गव्हाच्या भुशाचा वास होता, आणि सोळा शनिवार आरशात पाहिलेले डोळे प्रत्यक्षात जास्त निळे होते, याची नोंद तिने घेतली.

“काय झालं? काय झालं?” वॉल्टर विचारीत होते.

मिसेस पेनर यांनी या वेळी मोठ्याने सांगितले नाही. त्यांनी भावाचे डोके धरून त्या बाजूला वळवले.

पुष्कळ वेळाने नेस्टर म्हणाला, “पण टोरांटोला कळवावं लागेल ना? संध्याकाळच्या आत.”

“डोंगरावरून कळवते. काय लिहू? नाही म्हणायला मला जीवावर येतं. माणसं चांगली आहेत ती.”

“त्यांना भोपळा पाठव!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, आणि अख्ख्या बसने ते उचलून धरले.

“हा नाही मिळायचा,” लिल्याने तो उचलून उराशी धरला. “हा माझा आहे.”

नेस्टरने टोपी घातली, इंजिन सुरू केले, आणि मग आरशाच्या वरच्या पट्टीकडे बोट करून घसा साफ केला. “प्रोफेसरबाई, नियम पहिला. चार महिने सांगतोय.”

लिल्या बसली. त्या बसमध्ये ती प्रथमच बसत होती. भोपळा मांडीवर, निळ्या दोरीची गाठ बोटांत.

डोंगराच्या माथ्यावर समोरून एक ट्रॅक्टर आला. नेस्टरने स्टिअरिंगवरून एक बोट उचलले. लिल्यानेही, भोपळ्यावरचा हात न काढता, एक बोट उचलले. उचलण्यापूर्वी ते कोणते आहे, हे तिने एकदा खाली वाकून नीट पाहून घेतले.